तीन वाट्या आणि एक बादली

काका रोज सकाळी कामाला निघण्याआधी गॅरेजमध्ये जायचे, फळीवरची एक रिकामी पांढरी प्लॅस्टिकची बादली खाली काढायचे, झाकण उघडून आत तोंड घालायचे, एक लांब श्वास घ्यायचे, झाकण परत दाबून बसवायचे आणि मग गाडी सुरू करायचे. नवख्या माणसानं पाहिलं तर त्याला वाटावं, सकाळी सकाळी हा माणूस नशा करतोय. समोरच्या घरातल्या अमेरिकन बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, तुझ्या अंकलचं सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे म्हणूनच तर हुंगतायत. तिला काय कप्पाळ कळणार!

मी तेव्हा क्युपर्टिनोत त्यांच्या मागच्या खोलीत राहत होते. युनिव्हर्सिटीत एमएस करत होते. पोरगी एकटी अमेरिकेला जाते म्हटल्यावर नागपूरला आमच्या घरी जे रणकंदन झालं, त्यातून एकच तोडगा निघाला: मराठी घरात राहायचं. हे घर कुणाच्या तरी ओळखीतून मिळालं. काका-काकू सांगलीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, मूलबाळ नाही. काकू माझ्यावर माया करायच्या आणि काका माझी परीक्षा घ्यायचे.

परीक्षा म्हणजे तीन वाट्या. काका एका कॅनरीत, म्हणजे फळं डबाबंद करायच्या कारखान्यात, क्वालिटीला होते. जर्दाळू, पीच, टोमॅटो. लायनीवरून डबा उचलायचा, उघडायचा, हुंगायचा, चमचाभर चाखायचा आणि मान हलवायची. मान उभी हलली तर माल ट्रकमध्ये, आडवी हलली तर सगळाच्या सगळा बाद. या एका नाकावर त्या माणसानं अमेरिकेत वीस वर्षं काढली, घर घेतलं, दोन गाड्या घेतल्या. चवीत बारा आणे नाक असतं आणि चार आणे जीभ, असं ते म्हणायचे, आणि कुणी काही चवीचं बोललं की लगेच स्वयंपाकघरातून तीन स्टीलच्या वाट्या आणायचे. दोन वाट्यांत एकच वस्तू, तिसरीत वेगळी. डोळे मिटायचे, तिन्ही चाखायच्या आणि वेगळी कुठली ते सांगायचं. सांगता आलं तर तुमचं बोलणं खरं. नाही तर गप्प बसायचं.

"नावडतीचं मीठ अळणी," ते म्हणायचे. "म्हणून आधी डोळे मीट आणि मग बोल."

एकदा फ्रीमाँटचे एक डॉक्टर सहकुटुंब जेवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, आम्ही घरी फक्त दार्जिलिंगच पितो, दुसरा चहा घशाखाली उतरत नाही. झालं! काका उठले. काकूंनी मागून सदरा ओढल्यासारखा आवाज काढला, "अहो, राहू द्या हो," पण तोवर वाट्या आल्या होत्या. डॉक्टरांनी डोळे मिटून तीन घोट घेतले आणि मोठ्या ऐटीत बोट दाखवलं. चुकलं. परत एकदा. परत चुकलं. डॉक्टरांच्या बायकोला हसू आवरेना, त्यांना स्वतःला मात्र अजिबात हसू येईना. ते पुन्हा आले नाहीत. काकू भांडी आवरताना म्हणाल्या, "आणखी एक घर गेलं."

काकूंचा स्वयंपाक म्हणजे काय सांगू! मी आईच्या हातचं विसरले, इतका चांगला. पण काकांच्या तोंडून कधी चांगला शब्द नाही. पहिला घास घेतला की मान तिरकी व्हायची. गूळ उशिरा पडलाय. मेथीचे दोन दाणे जास्त झालेत. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी हळद घातलीस. आणि आश्चर्य म्हणजे बरोबर असायचं ते! काकू म्हणायच्या, "मग उद्यापासून तुम्हीच करा." रोज हेच. मला आधी राग यायचा, वाटायचं, किती ऐकून घेते ही बाई. मग लक्षात आलं की ते नाव ठेवेपर्यंत काकू स्वतः घास उचलत नाहीत. नाव ठेवून झालं की मग निवांत जेवतात.

आता बियरचं. गॅरेजमध्ये काका बियर करायचे. नवा नाद होता तो तिकडे, कायद्यानं घरी करायला परवानगी मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. प्यायचे म्हणाल तर अर्धा ग्लास. त्यांना रस होता आंबवण्यात. सातूचा अर्क आणि त्या कडू हॉप्सची फुलं मोठ्या पातेल्यात उकळायची, गार करायचं, यीस्ट घालायचं आणि झाकून दोन-तीन आठवडे ठेवून द्यायचं. यीस्ट पडेपर्यंत काका त्याला काढा म्हणायचे. काकू त्याला "तुमचं ते" म्हणायच्या आणि गॅरेजला गुत्ता. मी नागपूरला पत्रात लिहायचे, काका फार विद्वान आहेत, फावल्या वेळात काढे करतात. आईनं उलट लिहिलं, सर्दीवरचा एखादा तूही घेत जा.

झाकून ठेवायचं कशात, हा मोठा प्रश्न. सगळे प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवायचे. पांढरी, जाड, खटकन बसणाऱ्या झाकणाची बादली, दुकानात मिळायची, स्वस्त, हलकी. पण सॅन होजेच्या एका भंगारवाल्याकडे काकांनी बंद पडलेल्या डेअरीतला दहा गॅलनचा स्टीलचा कॅन पाहून ठेवला होता. काय देखणा होता बाप्पा! प्लॅस्टिकवर चरे पडतात, चऱ्यांत जंतू बसतात, आणि प्लॅस्टिक वास धरतं, हे काकांना पुस्तकी माहीत होतं. पण पुस्तकात आहे म्हणून मान्य करतील तर ते काका कसले? भंगारवाल्याकडे दर पंधरा दिवसांनी जायचे, कॅनवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि हात हलवत परत यायचे.

काकूंना यात प्रश्नच दिसत नव्हता. "अहो, भांडं घ्यायचं तर स्टीलचं घ्यावं. प्लॅस्टिकची बादली मोरीत शोभते. यात विचार कसला करायचा?"

"पुरावा?" काका म्हणायचे.

"माझी आई."

"तुझी आई पुरावा नाही. मला डोळे मिटून फरक कळला तर मी स्टील घेईन. नाही कळला तर प्लॅस्टिक जिंदाबाद."

त्यासाठी त्यांनी काकूंकडून त्यांचा तांदळाचा स्टीलचा डबा मागून घेतला. काकूंच्या लग्नात मामांनी दिलेला, पोटावर नाव आणि तारीख कोरलेली, सांगलीहून विमानातून आत गोधड्या कोंबून आणलेला. काकूंनी दिला कसा देव जाणे! म्हणाल्या, "घ्या, पण परत माझ्या तांदळाच्या कोठारात आणू नका." एकच काढा करायचा, निम्मा बादलीत, निम्मा डब्यात, एकच यीस्ट. तीन आठवड्यांनी बाटल्यांत भरण्याआधी तीन वाट्या. वाट्या भरायला मी. काका गॅरेजमध्ये पाठ करून उभे राहायचे, मी भरायचे, चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि हाक मारायचे.

पहिल्यांदा केलं तेव्हा फेब्रुवारी होता. काकांनी तिन्ही वाट्या हुंगल्या, चाखल्या, बराच वेळ उभे राहिले आणि पहिलीवर बोट ठेवलं. चूक. मला वाटलं, म्हणजे फरक नाहीच. मार्चमध्ये पुन्हा केलं. चूक. एप्रिलमध्ये बरोबर आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, तर म्हणाले, "थांब. तिनांतून एक अंदाजानंही येतं." परत दोनदा करायला लावलं, दोन्ही वेळा चुकलं. वाट्या धुताना त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की मला वाटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, बादली ती बादली!

कारण मला मे महिन्यात कळलं.

काकू त्या दिवशी कुणाकडे तरी डोहाळजेवणाला गेल्या होत्या. मी क्लास संपवून आले तर दारातच करपलेल्या दुधाचा वास. घर धुरानं भरलेलं. धावत स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर पातेलं काळं ठिक्कर, दूध ओतू जाऊन, जळून, बुडाला कोळसा झालेला. आणि शेगडीपासून दोन हातांवर, खुर्चीत, तोंडासमोर पेपर धरून काका निवांत वाचत बसलेले.

"काका!"

त्यांनी पेपर खाली केला. धूर पाहिला, पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ते उठले नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जानेवारी. सर्दी झाली, सर्दी गेली, जाताना नाक घेऊन गेली." हसायचा प्रयत्न केला त्यांनी, जमला नाही. "आंबट-गोड, खारट-कडू एवढं जिभेला पुसट कळतं. बाकी सगळं पुठ्ठा. डॉक्टर म्हणतात येईल, नाही तर नाही येणार. सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही."

"आणि कॅनरीत?"

"कॅनरीत कुणाला माहीत नाही. नाक नसलेल्या माणसाला तिथं कोण ठेवेल? आधीच दोन कॅनऱ्या बंद झाल्यात गावात. या वयात मला दुसरं काय येतं, पोरी?" मग माझा हात धरून म्हणाले, "हिला सांगू नकोस. शपथ वगैरे नको, मी मानत नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. तेव्हा सगळं लख्ख कळलं. बादली आणि डबा हे निमित्त होतं, ते परीक्षा स्वतःच्या नाकाची घेत होते. दर महिन्याला. आणि दर महिन्याला नापास.

त्या वर्षीचा सीझन त्यांनी कसा काढला ते ऐकाल तर हसाल आणि रडालही. त्यांच्या शेजारी एक मेक्सिकन बाई बसायची, नाक काकांइतकंच तिखट. काका डबा उघडायचे, हुंगल्यासारखं करायचे, चमचा तोंडात घालायचे, डोळे मिटायचे आणि तिच्याकडे वळून मोठ्या अदबीनं विचारायचे, तुला काय वाटतं? ती सांगायची. काका गंभीरपणे मान हलवायचे. वीस वर्षांत ज्या माणसानं कुणाचं मत विचारलं नव्हतं, तो सगळ्यांना विचारू लागला, तर लोक म्हणाले, वय झालं की माणूस नम्र होतो. त्यांना त्या उन्हाळ्यात नम्रपणाबद्दल एक दिवस जादा सुट्टी मिळाली! मला सांगताना काका कपाळावर हात मारून हसले, पण त्यांना खोटेपणाची फार लाज वाटत होती. तीन वाट्यांचा माणूस तो, अंदाजाला बरोबर न म्हणणारा, आणि दिवसभर दुसऱ्याच्या नाकानं नोकरी करत होता.

आणि घरी? घरी त्यांनी सगळ्याला छान म्हणायला सुरुवात केली. पहिला घास घ्यायचे आणि, "वा, छान झालंय." रोज. भाजी छान, आमटी छान, कालची शिळी पोळीही छान.

जूनमध्ये काकू एकदा माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसल्या. "तुला काही वाटतं का गं यांचं?"

"का? काय झालं?"

"नाव ठेवत नाहीत."

"मग बरंच आहे की काकू! सुटलात."

"सत्तावीस वर्षांत असं झालं नाही." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "माणूस एकदम गोड बोलायला लागला की भीती वाटते बाई."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण शब्द दिला होता. मी काहीतरी थातुरमातुर बोलले, उन्हाळ्यात थकवा येतो वगैरे. काकू उठून गेल्या. तेव्हापासून त्यांचंही काहीतरी बिनसलं. आठवडाभर स्वयंपाक नेहमीसारखा, पण रविवारची आमटी हमखास बिघडायची. कधी आंबट ढाण, कधी गूळच गूळ, कधी त्यात फोडणीच नाही. मी निमूट खायचे. माझी खात्री झाली की काळजीनं बाईंचं स्वयंपाकात लक्ष नाही, आणि काका समोर बसून म्हणायचे, "वा, छान." मला दोघांच्यामध्ये बसून घास गिळवत नसे.

जुलै ते ऑक्टोबर कॅनरीत जादा काम, त्यामुळे काका बियरला हात लावत नव्हते. बादली फळीवर रिकामी पडून होती. सप्टेंबरात आमच्या ओळखीचे एक जण नागपूरहून आले, त्यांच्याबरोबर आईनं माझ्यासाठी पार्सल पाठवलं. लाडू, मसाला आणि हिंग. हिंग कसला, अर्धा पौंड खडा! आईला वाटत असावं, अमेरिकेत मी खानावळ काढलीये. फडक्यात बांधून, तीन पिशव्यांत घालून, वर पत्र्याच्या डबीत, तरी त्या माणसाच्या बॅगेतले सगळे शर्ट फोडणी दिल्यासारखे झाले होते. काकू म्हणाल्या, "बाई गं, हा घरात नको. मागे एकदा ठेवला होता तर महिनाभर कोटांना वास येत होता. गॅरेजमध्ये ठेव." मी गॅरेजमध्ये गेले. सगळ्यात घट्ट झाकण कशाचं? बादलीचं. ठेवला आत, दाबलं झाकण, आणि साफ विसरून गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी काका घरी आले ते पांढरेफटक. कॅनरीत नवा मॅनेजर आला होता. त्यानं जाहीर केलं, सीझन संपला की क्वालिटीच्या सगळ्या माणसांची परीक्षा घेणार. एकेकाला वेगळ्या खोलीत बसवून. शेजारीण नाही, कुणी नाही. नोव्हेंबरातला तिसरा बुधवार.

"परीक्षा कशी घेणार, विचार," काका मला गॅरेजमध्ये म्हणाले.

"कशी?"

"तीन कप." ते हसले. "दोन सारखे, एक वेगळा. मीच शिकवलंय ते आमच्या लोकांना."

मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासहून आले तर काकांनी शेवटचा म्हणून काढा केला होता. निम्मा काकूंच्या डब्यात, निम्मा बादलीत, यीस्ट घालून झाकणंही लावून झाली होती. आणि फळीवर माझी पत्र्याची डबी.

"तुझं काहीतरी पार्सल होतं बादलीत," ते हात पुसत म्हणाले. "वर ठेवलंय. खिळे आहेत का?"

सहा आठवडे! सहा आठवडे अर्धा पौंड खडा हिंग बंद प्लॅस्टिकमध्ये. मी डबीजवळ नुसती गेले तर डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या माणसानं त्या बादलीत डोकं घालून ती ब्लीचच्या पाण्यानं विसळली होती, त्यात काढा ओतला होता, आणि विचारत होता, खिळे आहेत का.

सांगायला हवं होतं, मान्य. पण सांगायचं कसं? काका, बादलीत हिंग होता, म्हणजे काका, तुम्हाला हिंगसुद्धा आला नाही! मेलेल्या माणसालाही येईल तो वास. मी म्हटलं, "हो, खिळेच." डबी उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन कोटांत ठेवली. आले वास तर येऊ देत कोटांना.

पुढचे अडीच आठवडे माझे कसे गेले ते मलाच माहीत. मनात एकच. रविवारी तीन वाट्या होणार. एका वाटीत हिंगाचं पाणी असणार. ती जर काकांनी छान म्हणून बाजूला ठेवली, तर संपलं. मग बुधवारची गरजच नाही. एकदा तर सकाळी उठून मी बादली ओतून देण्यासाठी तिला हातही घातला, आणि तसाच काढला. परीक्षेचा पेपर कसा ओतून द्यायचा?

रविवार आला. काकू आत आमटीला फोडणी देत होत्या. मी गॅरेजमध्ये वाट्या मांडल्या. पहिलीत डब्यातलं, दुसरीत डब्यातलं, तिसरीत बादलीतलं. ओतताना मी नाक चिमटीत धरलं. देवाचं नाव घेतलं, काका मानत नाहीत तरी त्यांच्या वतीनं घेतलं आणि हाक मारली.

त्यांनी डोळे मिटले. पहिली हुंगली. चेहरा कोरा. चाखली. दुसरी हुंगली, चाखली. कोरा. तिसरी नाकाखाली धरली. कोरा. त्यांनी घोट घेतला, गिळला आणि वाटी खाली ठेवायला लागले.

आणि थांबले.

कपाळाला आठी पडली. वाटी परत वर आली. परत हुंगली, लांब, डोळे घट्ट मिटून. "हे काय आहे?"

मी तोंडावर हात दाबून उभी.

"रबर जळल्यासारखं... नाही. लांबून येतंय काहीतरी. थांब. बोलू नकोस." परत घोट. मग डोळे उघडले त्यांनी, आणि असे ओरडले की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "हिंग! अगं, यात हिंग आहे! कुणी घातला यात हिंग?"

"मी, काका, मीच!" मी रडायलाच लागले. "माझा हिंग होता बादलीत, खिळे नव्हते. तुम्हाला आला! काका, तुम्हाला वास आला!"

दुसरा कुणी असता तर मला मिठी मारली असती किंवा शिव्या घातल्या असत्या. काकांनी वाटी खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "फिरवून भर. परत."

भरल्या. बरोबर. परत भरल्या, या वेळी दोन हिंगाच्या आणि एक साधी. बरोबर. सहा वेळा भरायला लावल्या त्या माणसानं, आणि सहाही वेळा बरोबर. पाचव्या वेळेला निम्मी बियर त्यांच्या शर्टावर सांडली. सहाव्या वेळेला म्हणाले, "हा अंदाज नाही," आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर मटकन बसले.

बुधवारचं इथंच सांगून टाकते. वास अजून पुसट होता, पण पीच आणि जर्दाळू हा त्यांचा वीस वर्षांचा अभ्यास, निभावलं. पास झाले. शनिवारी भंगारवाल्याकडे जाऊन तो स्टीलचा कॅन आणला, मागच्या सीटवर बेल्ट लावून. वर मला बजावलं, "पुरावा म्हणून हे धरता येणार नाही. हिंगाचा दोष प्लॅस्टिकवर लादता येत नाही. पण स्टीलच्या डब्यात ठेवला असतास तर एका धुण्यात गेला असता, आणि मग मी काय हुंगलं असतं?" म्हणून बादलीही टाकली नाही. बियर स्टीलमध्ये, आणि बादली रिकामी, रोज सकाळी नाक घालून बघायला. आहे ना, जागेवर आहे ना.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचंच.

खोक्यावरून उठून काका तडक स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. काकू ओट्याशी कोथिंबीर चिरत होत्या. काकांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफेत नाक घातलं, पळीनं तळहातावर आमटी घेतली, भुरका मारला, आणि दहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांची मान तिरकी झाली.

"आमटी बिघडलीये," ते म्हणाले. "चिंच दुप्पट पडलीये. आणि गोडा मसाला करपवलास."

सुरी थांबली. काकू वळल्या नाहीत.

"काय म्हणालात?"

"चिंच दुप्पट आणि मसाला करपलेला. आंबटपणाचं सोड, पण करपल्याचा वास येतोय, पुसट आहे, पण येतोय मला."

"परत म्हणा."

"मसाला करपलाय गं."

काकूंनी सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी ओटा धरला. मला वाटलं, चक्कर येतेय. मी धावले. त्या रडत होत्या, आणि रडता रडता भांडत होत्या. "करपवलाच आहे! मुद्दाम करपवलाय! जूनपासून दर रविवारी बिघडवतेय मी आमटी. एकदा चिंच, एकदा गूळ, एकदा फोडणी नाही. म्हटलं आज नाव ठेवतील, आज ठेवतील. आणि तुमचं आपलं छान, छान! मेलं ते छान ऐकून मी मोरीत जाऊन रडायची."

काकांनी पळी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"सत्तावीस वर्षं तुमची मान बघतेय. मला कळणार नाही?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, काही नाही. मग मला ते खरं मानून बसावं लागलं असतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं! तुला माहीत होतं ना? उन्हाळ्याचा थकवा म्हणे!"

"काकू, शब्द दिला होता..."

"गप्प बस. पानं घे."

मी पानं घेतली. काकूंनी दुसरी आमटी करते म्हटलं, काकांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. त्या रविवारी ती आंबट ढाण, करपलेली आमटी आम्ही तिघांनी पातेलं निपटून खाल्ली. काकांनी प्रत्येक घासाला नाव ठेवलं, आणि काकू दर वेळी म्हणत होत्या, "मग उद्यापासून तुम्हीच करा."